छंदाचा गट व्हॉट्सॲपवर, नोंदी मात्र दप्तरात

‘धुपदाळला करकोचे आले का?’ बेळगावकडच्या पक्षी बघणाऱ्यांच्या गटात हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. चार-पाच जण उत्तर देतात, कोणी गेल्या वर्षीचा फोटो टाकतो, दुपारपर्यंत चांगली चर्चा होते. रात्री तिच्यावर पन्नास संदेश चढलेले असतात. पुढच्या वर्षी कोणी नवा सदस्य तोच प्रश्न विचारतो आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं. किल्ले फिरणारे, गच्चीवर बाग करणारे, जुनी नाणी जमवणारे, सगळ्यांच्या गटांत हेच चालू आहे.

पूर्वी हे छंद फोरमवर, ऑर्कुटच्या कम्युनिटीत किंवा याहू ग्रुप्सवर चालत. तिथे प्रत्येक चर्चेला मथळा असायचा, उत्तरं त्याच्याखालीच राहायची, वर्षभराने कोणी भर घातली तर जुना विषय पुन्हा वर यायचा, आणि बाहेरचा माणूसही गूगलवर शोधून तिथवर पोचायचा. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, याहू ग्रुप्स १५ डिसेंबर २०२० ला. पण याहू ग्रुप्सवरचे लोक त्याआधीच निघाले होते. २०१६ च्या सप्टेंबरनंतर जिओमुळे डेटा स्वस्त झाला, हातात फोन आले, आणि नाव नोंदवा, पासवर्ड लक्षात ठेवा, संगणकासमोर बसा हा खटाटोप कोणाला नकोसा झाला. यात मोठा फायदाही झाला. मराठी टंकता न येणारा जांबोटीचा शेतकरी किंवा अथणीकडचा मेंढपाळ फोरमवर कधी आला नसता. आज तो बोलून निरोप पाठवतो आणि त्याच्याइतकी रानाची माहिती गटात कोणाला नसते. म्हणून गट मोडून जुन्याकडे परत जायची गरज नाही. गप्पा गटातच चालू द्या. मात्र गटाबाहेर एक दप्तर, म्हणजे नोंदी जपायची जागा, ठेवा, आणि गटातलं कामाचं तिकडे नेऊन ठेवायची जबाबदारी कोणाच्या तरी नावावर टाका. या एका गोष्टीवाचून बाकीची सगळी मांडणी दोन महिन्यांत कोलमडते.

ॲप कोणतं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चंदगड या पट्ट्यात सगळ्यांकडे असतं ते व्हॉट्सॲप, म्हणून माणसं गोळा करायला तेच घ्या. गटात १,०२४ जण मावतात, छंदाला तेवढे पुष्कळ झाले. त्याच्या दोन मोठ्या उणिवा आधीच माहीत हव्यात. नव्या सदस्याला गटाचा जुना सगळा इतिहास दिसत नाही. आणि संदेश साठतात ते सदस्यांच्या फोनवर, त्यामुळे फोन हरवला किंवा बॅकअप चुकला की त्या माणसापुरता गट रिकामा होतो. वर्षापूर्वीचा फोटो उघडायला गेलं की ‘पुन्हा पाठवायला सांगा’ असं येतं, तेही याचमुळे.

टेलिग्राम उलटं आहे. संदेश त्यांच्या सर्व्हरवर राहतात, नवा सदस्य पहिल्या दिवसापासूनचं वाचू शकतो (गटाच्या सेटिंगमध्ये नव्यांसाठी इतिहास दिसता ठेवावा लागतो), आणि ‘टॉपिक्स’ चालू केलं की एकाच गटात पक्षी, किल्ले, उपकरणं असे वेगळे कप्पे पडतात. फोरमच्या सर्वांत जवळचं आज हेच. शिवाय फोन नंबर लपवता येतो. व्हॉट्सॲपच्या साध्या गटात प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि त्यामुळे कित्येक बायका अशा गटांत यायचं टाळतात, हे चालकांनी (ॲडमिननी) मनावर घ्यायला हवं. टेलिग्रामच्या गटातले संदेश व्हॉट्सॲपसारखे टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध (एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड) नसतात, पण पक्ष्यांच्या नोंदींना त्याची अडचण नाही. अडचण आहे ती माणसं तिथे नसण्याची. पन्नाशीपुढच्या सदस्यांना नवं ॲप घ्यायला लावलं की निम्मे गळतात. तेव्हा गट व्हॉट्सॲपवर, आणि सात-आठ जण खरोखर नेमाने लिहिणारे असतील तर त्यांच्या नोंदींसाठी टेलिग्राम. डिस्कॉर्ड हे ॲप संगणकावर बसणाऱ्यांसाठी उत्तम, पण सहलीच्या वाटेवर कोणी ते उघडत नाही.

गटाचे भाग

व्हॉट्सॲपमध्ये ‘कम्युनिटी’ उघडा आणि तिच्याखाली तीनच कायमचे गट ठेवा: सूचना (फक्त चालक लिहितात), नोंदी, गप्पा. सहलीचा गट प्रत्येक वेळी नवा काढा आणि सहल संपल्यावर आठवड्याभरात मोडा. कायमचे गट पाच-सहा झाले की लोक सगळेच मुके करून ठेवतात आणि महत्त्वाची सूचनाही कोणी वाचत नाही.

‘नोंदी’ गटात आभार, अंगठे, शुभेच्छा काही नाही. हे पाळायला सर्वांत अवघड. कोणी चुकलं की चारचौघांत टोकू नका. संदेश काढा आणि त्या माणसाला खासगीत दोन ओळी लिहा. जाहीर बोलणी खाल्लेला माणूस पुन्हा नोंद टाकत नाही, मग ती कितीही मोलाची असो.

सहल ठरवताना ‘उद्या राजहंसगडला कोण कोण यायलाय?’ असा प्रश्न टाकला की ‘मी’, ‘मी पण’, ‘बघून सांगतो’ अशा साठ ओळी होतात. त्याऐवजी मतदान टाका. बारा पर्याय देता येतात: पहाटे पाच, सहा, स्वतःची गाडी आहे, गाडीत जागा हवी, येत नाही. मोजणी आपोआप होते.

नोंद कशी लिहायची

नोंदीचा साचा ठरवून गटाच्या वर्णनात लिहून ठेवा:

नोंद-पक्षी
दिनांक: २०२५-०१-१९
ठिकाण: धुपदाळ, ता. गोकाक, जि. बेळगाव
काय: कांड्या करकोचा (शास्त्रीय नाव रोमन लिपीत)
संख्या: अंदाजे ४०
कोणी पाहिलं:

पहिला शब्द महत्त्वाचा. व्हॉट्सॲपचा शोध जसं अक्षर तसंच शोधतो, अर्थ ओळखत नाही. ‘नोंद-पक्षी’, ‘नोंद-किल्ला’, ‘नोंद-रोप’ असे तीन-चार ठरलेले शब्द असले की शोधात ते टाकताच सगळ्या नोंदी एकाखाली एक येतात. नाही तर एकाच गावासाठी बेळगाव, बेळगावी, बेलगाम आणि रोमन लिपीतल्या निदान दोन तऱ्हा असं सगळं शोधत बसावं लागतं. कन्नड लिपीत लिहिणारे सदस्य असतील तर आणखी एक.

तालुका आणि जिल्हा सोडू नका. नुसतं ‘खानापूर’ लिहिलं तर ते बेळगाव जिल्ह्यातलं की सांगली जिल्ह्यातलं हे तीन वर्षांनी वाचणाऱ्याला कळत नाही. गटात चंदगड, गडहिंग्लज, सावंतवाडी, गोव्याचे लोक असले की हा घोळ हमखास होतो.

शास्त्रीय नाव रोमन लिपीत हवंच, कारण इथले गट दोन-तीन भाषांचे असतात. नुसतं ‘करकोचा’ म्हटलं तर कोणी पांढरा करकोचा समजतो, कोणी कांड्या करकोचा, आणि ते दोन्ही पक्षी वेगळ्या कुळांतले आहेत. शास्त्रीय नाव मराठीला, कन्नडला, कोंकणीला एकच. ज्यांना ते येत नाही त्यांनी फक्त स्थानिक नाव आणि फोटो टाकावा. शास्त्रीय नाव दप्तर सांभाळणारा भरेल. येत नाही म्हणून कोणी गप्प बसू नये.

देवनागरी शोधातली एक खोच फार थोड्यांना माहीत असते. ‘ॲ’ हे अक्षर दोन प्रकारे टंकलं जातं: एक, स्वतंत्र ‘ॲ’, दुसरं, ‘अ’ला वर चंद्र जोडून. दिसायला दोन्ही सारखे, पण फोनच्या लेखी वेगळे, म्हणून एकाने टंकलेलं दुसऱ्याला शोधात सापडेलच असं नाही. ‘ऱ्या’चंही तसंच, वेगवेगळे कीबोर्ड ते वेगवेगळ्या संकेतांनी लिहितात. ‘डोंगऱ्यावर’ शोधून काही मिळत नसेल तर नुसतं ‘डोंग’ टाकून पाहा. ठरलेल्या शब्दांत अशी अक्षरं येऊच देऊ नका.

बोलून पाठवलेल्या निरोपातलं काहीच शोधात सापडत नाही असं धरून चाला. बोलणाऱ्याला टंकायला सांगू नका, तो बोलायचाच थांबेल. जो कोणी तो निरोप आधी ऐकेल त्याने त्याला उत्तर म्हणून एक ओळ लिहावी: ‘नोंद-पक्षी, कणकुंबी, ता. खानापूर, नवरंग, १’. उत्तराला मूळ निरोप जोडलेला राहतो, त्यामुळे पुढे ऐकायचं असेल तर सापडतो.

फोटो आणि ठिकाण

फोटो नेहमीसारखा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं. एचडी पर्याय निवडला तरी मूळ फोटो जात नाही. पक्षी ओळखायला पिसांची रेघ बघायची असेल किंवा वीरगळावरची झीज झालेली अक्षरं वाचायची असतील तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. २ जीबीपर्यंतची फाईल चालते आणि ती जशीच्या तशी पोचते.

यात एक धोका आहे. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत कॅमेऱ्याने भरलेली माहितीही जाते, आणि फोनमध्ये लोकेशन चालू असेल तर फोटो काढल्याची जागा अक्षांश-रेखांशासकट जाते. साध्या फोटोत व्हॉट्सॲप ही माहिती काढून टाकतं. म्हणून धनेशाचं घरटं, घुबडाची ढोली, दुर्मीळ आमरी (ऑर्किड) यांचे फोटो कधीही डॉक्युमेंट म्हणून टाकू नका आणि ‘लोकेशन’ तर मुळीच नको; फक्त तालुका लिहा. भीमगड अभयारण्यात तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहांत राहणारं रॉटनचं वटवाघूळ जगात फार थोड्या ठिकाणी सापडतं. अशा जागी एका संदेशामुळे झुंड जमली तर नुकसान भरून येत नाही. व्हॉट्सॲपचा संदेश सर्वांसाठी काढायला साधारण दोन दिवस मिळतात, पण तो पुढे गेला असेल तर काढून उपयोग नाही.

किल्ल्याच्या वाटेचं वेगळं. पारगड किंवा कलानिधीगडची वाट सांगायला लांबलचक वर्णनापेक्षा जीपीएक्स फाईल (चाललेल्या वाटेची नकाशावर उघडणारी नोंद) बरी. ओएसएमअँडसारख्या ॲपमध्ये चालताना वाट नोंदवा, फाईल डॉक्युमेंट म्हणून टाका आणि सोबत साच्यात लिहा: पाणी कुठे, शेवटची एसटी किती वाजता, पावसाळ्यात कुठला ओढा अडवतो. ‘लाइव्ह लोकेशन’ १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास चालतं, पण त्याला नेटवर्क लागतं. जांबोटीच्या पुढे, कणकुंबी-चोर्ल्याच्या रानात ते भरवशाचं नाही. मागच्या गाडीला पुढची गाडी अर्ध्या तासापूर्वीच्या जागी दिसते. भेटायची जागा आणि वेळ आधी लिहून ठेवा, नकाशा घरूनच उतरवून घ्या. अभयारण्यात शिरायचं तर वनखात्याची परवानगी कोणाच्या नावावर काढली आहे हेही सहलीच्या गटात वर टाचून (पिन करून) ठेवा.

दप्तर

दप्तर म्हणजे एक गूगल शीट आणि एक गूगल डॉक. शीटमध्ये नोंदी, डॉकमध्ये पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरं.

शीटचे रकाने: दिनांक, गाव, तालुका, जिल्हा, काय, शास्त्रीय नाव, संख्या, कोणी पाहिलं, फोटोचा दुवा, शेरा. दिनांक वर्ष-महिना-दिवस असा लिहा. नाही तर ०३/०४ म्हणजे काय हे शीट आपल्या मनाने ठरवतं: तिचं ‘लोकॅल’ (देशाचं सेटिंग) अमेरिकेचं असेल तर ३ एप्रिलची नोंद ४ मार्चला जाते आणि पक्षी महिनाभर आधी आल्याचा भास होतो. ‘फाईल’मधल्या ‘सेटिंग्ज’मध्ये जाऊन लोकॅल भारत करा, आणि ही गोष्ट पहिली नोंद भरण्यापूर्वी करा.

काम पाळीने वाटा. चार जण, प्रत्येकाकडे महिन्यातला एक आठवडा. आठवडाभर कामाचा संदेश दिसला की त्यावर तारा लावायचा, रविवारी तारांकित संदेश उघडून शीटमध्ये भरायचे आणि तारे काढायचे. गट बोलका असला तरी अर्ध्या तासाचं काम आहे. एकावरच सोपवलं तर त्याच्या घरी लग्न निघालं की दप्तर थांबतं, आणि एकदा दोन महिने मागे पडलं की कोणी हात लावत नाही.

बघायची परवानगी सगळ्यांना, बदलायची त्या चौघांनाच. सगळ्यांना बदलू दिलं तर कोणी तरी फोनवर बोट लागून एक रकाना पुसतो. तसं झालंच तर ‘व्हर्जन हिस्ट्री’तून आदल्या दिवसाची प्रत परत आणता येते.

दप्तर कोणाच्या खासगी खात्यावर नको. गटाचं वेगळं गूगल खातं काढा, रिकव्हरीला दोन वेगळ्या माणसांचा फोन आणि ईमेल द्या. दोन वर्षं वापर नसलेली खाती गूगल काढून टाकतं, हे नियम म्हणून ध्यानात ठेवा. फुकट जागा १५ जीबी मिळते आणि मूळ आकाराचे फोटो ती लवकर भरतात, म्हणून प्रत्येक नोंदीला एकच चांगला फोटो.

पक्ष्यांच्या नोंदी ई-बर्ड या जगभरच्या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावरही चढवा. आपली शीट उद्या बुडाली तरी तिथली नोंद राहते आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडते. किल्ल्यांचे, मंदिरांचे, वीरगळांचे स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्सवर घालता येतात. आणि वर्षातून एकदा डॉकमधली चार पक्की उत्तरं लेख करून मायबोलीसारख्या मराठी संकेतस्थळावर टाका. ते १९९६ पासून चालू आहे आणि तिथलं लिखाण शोधणाऱ्याला सापडतं. गटाच्या आतलं ज्ञान बाहेरच्या नवख्या मुलाला दिसायचा दुसरा मार्ग नाही.

गटाची प्रत काढणं

दर तीन महिन्यांनी गटाची प्रत काढा. अँड्रॉइडवर गट उघडून वरचे तीन ठिपके, ‘मोअर’, ‘एक्सपोर्ट चॅट’. आयफोनवर गटाच्या नावावर टिचकी मारून खाली तोच पर्याय. फोटोंसकट काढली तर शेवटचे सुमारे १०,००० संदेश येतात, फोटोंशिवाय सुमारे ४०,०००. बोलक्या गटात वर्षभर थांबलात तर सुरुवातीचे महिने हाताबाहेर गेलेले असतात.

प्रत रिकामी किंवा अर्धवट निघण्याची कारणं ठरलेली आहेत. काढणारा माणूस ज्या दिवशी गटात आला त्याआधीचं त्याच्या फोनवर नसतंच, म्हणून सर्वांत जुन्या सदस्याकडून काढून घ्या. ‘डिसअपिअरिंग मेसेजेस’ चालू असेल तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी संदेश उडतात. नोंदींच्या गटात ते बंद हवं. गटाला ‘ॲडव्हान्स्ड चॅट प्रायव्हसी’ लावली असेल तर प्रत काढताच येत नाही. आणि कोणी आयफोन सोडून अँड्रॉइड घेतला असेल तर आयक्लाउडवरचा बॅकअप नव्या फोनवर उतरत नाही. फोन विकण्याआधी केबल जोडून हलवावं लागतं.

मजकूर साध्या टेक्स्ट फाईलमध्ये येतो. ती फाईल थेट एक्सेलमध्ये उघडली तर देवनागरीच्या जागी कचरा दिसू शकतो. फाईल खराब झालेली नसते. एक्सेलमधल्या ‘डेटा’खाली टेक्स्ट फाईल आत घ्यायचा पर्याय आहे, तिथे संकेत यूटीएफ-८ निवडा. टेलिग्रामची प्रत फोनवरून नव्हे, संगणकावरच्या टेलिग्राम डेस्कटॉपवरून निघते. वाचायला एचटीएमएल, पुढे शीटमध्ये न्यायची असेल तर जेसन.

काढलेली फाईल गटात टाकू नका. ज्यांचे नंबर साठवलेले नाहीत त्यांचे नंबर तीत उघडे असतात. आधी नंबर पुसा, नोंदींपुढे फक्त पहिलं नाव ठेवा, आणि गटाची प्रत काढली जाते हे वर्णनातच लिहा, म्हणजे सदस्य ते जाणून लिहितील.

चालक आणि नियम

निदान तीन चालक हवेत, आणि ते एका घरातले नकोत. एकच चालक असून तो बाहेर पडला तर व्हॉट्सॲप कोणा तरी सदस्याला आपोआप चालक करतं, आणि तो माणूस बहुधा त्या जबाबदारीला तयार नसतो. नव्याला चालकाच्या मंजुरीनेच आत घ्या. आमंत्रणाचा दुवा कुठे जाहीर झाला असेल तर तो रद्द करून नवा काढा. शेअर बाजाराच्या नावाने फसवणारे अशाच दुव्यांवरून शिरतात.

सीमाभागातल्या गटाला एक नियम जास्त लागतो: सीमाप्रश्न, निवडणूक आणि भाषेवरून वाद इथे नाही, कोणत्याही बाजूने नाही. प्रश्न लहान आहे असं याचा अर्थ नाही. त्यासाठी दुसऱ्या जागा आहेत. आपला गट मराठी, कन्नड, कोंकणी बोलणाऱ्यांनी एकत्र रान बघण्याचा आहे आणि एका संध्याकाळच्या भांडणात तो कायमचा दुभंगतो. १ नोव्हेंबर (कर्नाटक राज्योत्सवाचा दिवस) किंवा मतमोजणीच्या आसपास गप्पांचा गट दोन दिवस ‘फक्त चालक’ वर ठेवणं शहाणपणाचं, तेही आदल्या दिवशी सांगून. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी चालक केवळ चालक म्हणून दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये आणि केरळ उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. तरी बेळगावच्या चालकाने त्यावर विसंबून राहू नये, कारण हे निकाल कर्नाटकाच्या न्यायालयाचे नाहीत. भडकाऊ मजकूर दिसताच काढावा. चालकाला दुसऱ्याचा संदेश सर्वांसाठी काढता येतो.

नव्या सदस्यासाठी दप्तराचा दुवा गटाच्या वर्णनात ठेवा. वर टाचलेले संदेश तीनच राहतात आणि तेही जास्तीत जास्त ३० दिवस. वर्णन मात्र बदलेपर्यंत राहतं.

जुना गट बंद करून नवी मांडणी करायची असेल तर क्रम असा: आधी दोघांकडून प्रत काढून घ्या, ती उघडून मराठी नीट दिसते का पाहा, मग नवा गट काढा, जुन्यात दुवा टाकून तो ‘फक्त चालक’ वर ठेवा. पंधरा दिवस थांबा. राहिलेल्यांना फोन करा, कारण जे संदेश वाचत नाहीत त्यांच्यातच जुने जाणकार असतात. त्यानंतरच जुना गट मोडा.